गडी आणि बिगारी

‘गडी म्हणजे नोकर, बिगारीही नोकरच, मग फरक काय?’ असा प्रश्न आहे. कामाकडे बघून फरक सापडणार नाही. ओझी दोघंही उचलतात. माणूस कोणाचा आणि किती दिवसांचा, ते बघायचं.

गडी घराला बांधलेला. सालगडी पाडव्याला ठरतो तो पुढच्या पाडव्यापर्यंत, म्हणून ‘आमचा गडी’ म्हणतात. बिगारी रोजावरचा. ‘आमचा बिगारी’ सहसा ऐकू येत नाही. ‘उद्या दोन बिगारी लागतील’ हे ऐकू येतं.

शिवाय नोकर हा ‘गडी’चा एकच अर्थ. सवंगडी, खेळातला भिडू, बाद होणारा गडी, ‘घरात गडीमाणूस कोणी नाही’ मधला नुसता पुरुष, हे सगळे त्यात बसतात. ‘अरे गड्या’ अशी हाक मित्राला मारता येते. ‘अरे बिगाऱ्या’ म्हणून बघा! (ही बरोबरी शब्दापुरतीच. गड्याचा चहाचा कप वेगळा ठेवणारी घरं होतीच.)

खरी गोष्ट बिगाऱ्याची आहे. फारसी ‘बेगार’ म्हणजे सक्तीचं, मोबदला न देता करवून घेतलेलं काम. अंमलदाराची स्वारी आली की गावकऱ्यांनी सामान पुढच्या गावापर्यंत वाहून न्यायचं, तेही फुकट. याला आपला शब्द ‘वेठ’, संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला. म्हणजे ‘वेठबिगार’मध्ये एकच अर्थ दोनदा येतो, ‘बाजारहाट’सारखा. राज्यघटनेच्या कलम २३ ने या प्रकाराला बंदी घातली, आणि तिथे इंग्रजी मजकुरातही ‘बेगार’ हाच शब्द ठेवलेला आहे. कर्जापायी राबवून घेण्याची पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली.

आणि आजचा बिगारी? गवंड्याच्या हाताखाली माल कालवतो, घमेली देतो आणि संध्याकाळी मजुरी मोजून घेतो. फुकट राबणाऱ्याचं नाव पगारी माणसाला चिकटलं. जुना अर्थ ‘वेठबिगार’ने सांभाळला. त्यामुळे पेशवाईतल्या कथेत ‘बिगारी’ लिहिताना सांभाळून, आजचा वाचक रोजंदारीचा मजूर समजेल.

‘हरकाम्या’ यात कुठे बसतो, असंही कोणी विचारेल. तो गड्याच्या बाजूचा. ‘हरकाम्या गडी’ कानाला बरं लागतं. ‘हरकाम्या बिगारी’ मात्र उगाच वाटतं, बिगाऱ्याला पडेल ते काम करावं लागतंच की.