शब्दचर्चा: 'पूर्ण जिवाने प्रीती कर' यातला 'जीव' म्हणजे नेमकं काय?

नगरी_मिरची
आमच्या चर्चच्या शब्बाथशाळेत मी आठवी ते दहावीच्या पोरांना शिकवते, म्हणजे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. या महिन्याचं पाठांतर म्हणजे बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं ६:५, आपल्या देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने प्रीती कर. पाठ सगळ्यांचं झालंय, घडाघडा म्हणतात. पण एकाने विचारलं की टीचर, मन आणि जीव यात फरक काय, आणि दुसरा लगेच म्हणतो प्रीती हे तर आमच्या वर्गातल्या मुलीचं नाव आहे, ती कशी करायची? सगळा वर्ग हसला, मी पण हसले, पण उत्तर द्यायला हवं ना. आणि नव्या करारात मार्क १२:३० ला येशू हीच आज्ञा सांगतो तेव्हा तीनच्या ऐवजी चार गोष्टी आहेत, तिथं बुद्धी वाढली, ती कुठून आली? प्लीज कुणीतरी सोप्या मराठीत सांगा, मोठी प्रवचनं नकोत, ती आम्हाला दर रविवारी मिळतात.

शब्दवेडा_पुणे
मी ख्रिस्ती नाही, फक्त शब्दांपुरता बोलतो. प्रीती आता रोजच्या बोलण्यातून गेल्यातच जमा आहे, नाट्यगीतं, भावगीतं आणि मुलींची नावं एवढ्यातच उरलीय. तुमच्या चर्चमध्ये मात्र ती अजून क्रियापद होऊन चालते, 'प्रीती कर', हे मला फार आवडतं. जिवाचं म्हणाल तर मराठीत मन आणि जीव यांचे वाक्प्रचारच बघा. मन रमतं, उडतं, विटतं, दुसरीकडे लागतं आणि परत येतं. जीव आपण लावतो, टाकतो, ओततो, ओवाळतो, आणि जातो तो एकदाच. त्यामुळे 'पूर्ण मनाने' म्हटलं की आवडीचा भाग आला आणि 'पूर्ण जिवाने' म्हटलं की स्वतःला त्यात घालण्याचा, असं मला तरी वाटतं. मूळ भाषेत काय आहे ते जाणकारांनी सांगावं.

लेवाव_नेफेश
जाणकार नाही पण सेमिनरीत, म्हणजे पाळक होण्याच्या शिक्षणात, हिब्रूने घाम काढलाय म्हणून लिहितो. अनुवादात तीन शब्द आहेत, लेवाव, नेफेश आणि मेओद. लेवाव म्हणजे हृदय, पण हिब्रू माणूस विचारसुद्धा हृदयानेच करतो, निर्णय तिथेच घेतो, म्हणजे आपण ज्याला बुद्धी म्हणतो ती त्यात आधीच आली. पुढे ग्रीकमध्ये लिहिताना मार्क आणि लूकने बुद्धीचा शब्द वेगळा घातला, म्हणून तिथं चार झाले. मत्तयात तीनच आहेत पण त्याच्या यादीत शक्ती नाही. मिरचीताई, पोरांना हे तिन्ही उतारे शेजारी शेजारी काढायला लावा, त्यांना असला शोध आवडतो.

नेफेशला आपण जीव म्हणतो ते बरोबरच आहे पण त्याचा एक अर्थ चक्क गळा असाही आहे. स्तोत्र ६९ च्या सुरुवातीला पाणी नेफेशपर्यंत आलंय म्हणतो तो बुडणारा माणूस, म्हणजे गळ्याशी आलंय. श्वास, घास, तहान, ओरडणं सगळं जिथून जातं ते. आणि मेओद तर गंमतच आहे, एरवी तो 'फार', 'खूप' अशा अर्थाने येतो, नगरी भाषेत 'लई'. पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने आणि पूर्ण लईने! यहुदी धर्मगुरूंनी मिश्नामध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, बराखोथ ९:५ ला, या तिसऱ्या शब्दाचा अर्थ लावला तो आपल्या पैशाअडक्याने. आणि जिवाने म्हणजे देव तुझा जीव घेत असेल तरी.

शब्दवेडा_पुणे
अरे वा, म्हणजे हे आपलं तन-मन-धन झालं की.

कोकणी_मेवा
चर्चेत जरा आडवा येतो. हेच वचन आमच्या अलिबाग, रेवदंडा, पेण भागातल्या बेने इस्राएल लोकांचं, घरी मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांची परंपरा अशी की बाकीची बरीच प्रार्थना विसरली गेली पण 'शेमा' तोंडात राहिला, 'हे इस्राएला, ऐक' हे ६:४, आणि तुमचं पाठांतराचं वचन त्याला लागूनच येतं. त्यांच्या दाराच्या चौकटीला छोटी नळी ठोकलेली असते ना, मेझुझा, तिच्यातल्या चर्मपत्रावर हाच उतारा लिहिलेला असतो. आता बरेच जण इस्राएलला गेले, पण तुमच्या पोरांना सांगा की हे वचन कोकणात मिशनरी यायच्या कितीतरी आधीपासून आहे.

नाईट_ड्युटी
मी नर्स आहे, मेल मेडिकल वॉर्ड, हिब्रू वगैरे काही येत नाही. पण जीव शब्दावरून कलस्सै ३:२३ आठवलं, जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नाही तर प्रभूसाठी म्हणून 'जिवेभावे' करा. मला तो शब्द लहानपणापासून आवडतो, आमच्या आईने ते वचन लिहून ओट्यावर चिकटवलं होतं. दादा, तिथला जीव आणि मार्कातला जीव एकच का?

लेवाव_नेफेश
एकच हो! दोन्हीकडे ग्रीकमध्ये प्सूखे हाच शब्द आहे, कलस्सैमध्ये शब्दशः 'जिवातून करा' असं आहे. आणि ते कुणाला लिहिलंय बघा, एक वचन वर जा, दासांना. म्हणजे ज्यांना ना पगार ना सुट्टी त्यांना.

नाईट_ड्युटी
मग तर सांगतेच. पहाटे चारला पॅरालिसिसच्या पेशंटला कूस बदलून द्यायची असते, दर दोन तासांनी द्यावी लागते नाहीतर पाठीला बेडसोअर होतात. त्या वेळी मला देवाबद्दल काहीही वाटत नसतं, खरं सांगते, झोप आलेली असते आणि कंबर दुखत असते. पण कूस बदलल्यावर खालची चादर हाताने ताणून सुरकुती काढायची असते, ती कुणी बघत नाही, रजिस्टरमध्ये फक्त 'पोझिशन चेंज्ड' लिहितात, सुरकुतीचा कॉलम नाही. ती काढली नाही तर तिथेच कातडी लाल होते. मला वाटतं पूर्ण जिवाने म्हणजे ती सुरकुती. डोळ्यात पाणी येऊन गाणी म्हणणं पण चांगलंच आहे, मी पण म्हणते रविवार मिळाला तर.

सडेतोड_संगमनेरकर
सिस्टर, तुमचं पटलं. वरचं पैशाचं मात्र जपून हं. 'पूर्ण शक्ती म्हणजे पूर्ण पाकीट' असं एकदा व्यासपीठावरून सुरू झालं की दशांशाच्या, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देण्याच्या, पावत्या निघतात आणि ज्याच्याकडे नाही तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. लूक १० मध्ये याच आज्ञेनंतर लगेच चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. त्याने दोन दीनार काढले ते कुठल्या दानपेटीत टाकले नाहीत, उतारशाळेवाल्याला दिले, जखमी माणसाच्या खर्चासाठी, आणि वर म्हणाला जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन. धनाचा अर्थ लावायचाच तर असा लावा.

लेवाव_नेफेश
शंभर टक्के मान्य, आणि आमच्या पाळकसाहेबांना मिश्नाचं मी मुद्दामच सांगितलेलं नाही.

जाता जाता प्रीतीचं राहिलं. योहान २१ मध्ये येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो ना, आपल्या नेहमीच्या बायबलात पहिल्या दोन वेळा 'प्रीती करतोस काय' आहे आणि पेत्र उत्तर देतो 'प्रेम करतो', तिसऱ्यांदा येशूच 'प्रेम करतोस काय' विचारतो. ग्रीकमध्ये तसे दोन वेगळे शब्द आहेत, ते मराठीत जपलेत. काही अभ्यासक म्हणतात योहान नुसती शब्दांची अदलाबदल करतो, अर्थ तोच, मला ते फारसं पटत नाही पण भांडणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम मिळतं, माझी कोकरं चार, मेंढरं पाळ. प्रीती किती वाटते ते कुणी मोजलंच नाही.

नगरी_मिरची
सगळ्यांना थँक्यू, विशेषतः सिस्टरना, चादरीचं वर्गात सांगितलं तर एरवी मागे बसून मोबाईल बघणारी दोघं पण ऐकत होती. शब्दवेडा दादा, 'जिवेभावे' हे रूप जुनं आहे का? पोरं 'जिवेभावाने' म्हणतात.

शब्दवेडा_पुणे
जुनी तृतीया आहे ताई, मनोभावे, काया-वाचा-मने यांच्यातलीच. त्यातच 'ने' आलेला आहे, पुन्हा लावायला नको. मुलांना वाक्यात उपयोग करायला द्या, आपोआप बसेल.

नगरी_मिरची
दिला. पहिलंच वाक्य आलं, 'आईने जिवेभावे डबा भरला आणि मी तो बसमध्ये विसरलो.' व्याकरण बरोबर आहे म्हणून मार्क दिलेत.