मदत हवी आहे: गर्भनिरोधक गोळ्या, उंदीर आणि गाबा

सेमिनारसाठी गर्भनिरोधक हॉर्मोन्सचा उंदरांच्या मेंदूवर काय परिणाम होतो ते वाचतेय आणि एका जागी पार अडकलेय. इथिनिल एस्ट्राडायॉल आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल (गोळ्यांमधले कृत्रिम हॉर्मोन्स) बरेच दिवस दिलं की माद्यांच्या मेंदूत अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन (प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं स्टेरॉइड) कमी होतं, इथपर्यंत कळलं, ओव्ह्युलेशनच थांबलं तर प्रोजेस्टेरॉन येणार कुठून, आणि हे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनच गाबा-ए रिसेप्टरला (मेंदू शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचा पेशीवरचा ग्राहक) जोर देतं, ते कमी झालं म्हणून मग उंदीर घाबरट होतात, अधिकच्या चिन्हासारख्या उंच मेझमध्ये (भीती मोजायच्या चाचणीत) उघड्या बाजूला कमी फिरकतात बिचारे. पण रिसेप्टरचं गॅमा-२ सबयुनिट (त्याचा एक घटक भाग) वाढतं ते का? भरपाई म्हणून? शिवाय उंदरांचं चक्र जेमतेम ४-५ दिवसांचं, मग कंट्रोलच्या (हॉर्मोन्स न दिलेल्या, तुलनेसाठीच्या) माद्या नेमक्या कुठल्या दिवशी घ्यायच्या? डोपामिन-सेरोटोनिनचं नंतर बघू, आधी एवढं कोणीतरी सोप्या भाषेत सांगा ना प्लीज.