मदत हवी आहे : आंतरवासितेत पहिली-दुसरी एकत्र, मुलं कोरकू बोलणारी

नमस्कार. मी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक पदविका) द्वितीय वर्षाला आहे. आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा मिळालीय. पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. गणितात चिंचोके मांडले की दोन्ही वर्ग रमतात. भाषेचा तास मात्र अडतो. बाजाराचं चित्र दाखवलं की पहिलीच्या मुली कोरकूत भरभरून बोलतात, मी मराठीत प्रश्न विचारला की गप्प. हुशार आहेत हो पोरी! कोरकू मुंडा भाषाकुळातली, मराठीशी नातंच नाही.

मेळघाटात शिकवलेल्यांनी कृपया सांगा: कोरकूतून मराठी वाचनाकडे कसं वळवता? आणि जोडवर्गाचं पाठ टाचण (तासाचं लेखी नियोजन) कसं लिहिता? अध्यापकाचार्य (आमच्या अध्यापक विद्यालयातले शिक्षक) पाठ निरीक्षणाला सोमवारी येतायत. एखादा नमुना असेल तर नक्की पाठवा.