शब्दचर्चा: लाभार्थी म्हणायचं की हक्कदार?

एक शब्द बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून इथे विचारते. मागच्या महिन्यात आजीला घेऊन रेशन दुकानात गेले होते, तिचं अंत्योदयचं, म्हणजे सर्वात गरीब कुटुंबांना मिळणारं पिवळं कार्ड आहे. मशीनवर अंगठाच लागेना. जन्मभर लोकांकडे धुणीभांडी केलीत तिने, बोटांच्या रेषा झिजल्यात, मग हा अंगठा, ते बोट, पदराला पुसून परत, असं करत सहाव्या वेळेला लागला. तेवढ्यात दुकानदार आतल्या पोराला दोनदा ओरडून सांगतोय, "थांब रे, लाभार्थीचा थंब लागत नाहीये." वाटेत आजी विचारते, "लाभार्थी म्हंजे फुकट घेणारी का गं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. या शब्दाचा नेमका अर्थ काय?

प्रतिसाद १
ताई, फोड सोपी आहे, लाभ + अर्थी. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थी, परीक्षार्थी, शरणार्थी सगळे त्यातलेच. म्हणजे बघा, ज्याला मिळालंय तो लाभार्थी नव्हेच, ज्याला हवंय तो लाभार्थी. सरकारी मराठीत अर्थ उलटा झालाय, यादीत नाव लागलं की लाभार्थी. पण संस्कृतात अर्थीला दोन छटा आहेत, एक याचक आणि दुसरी, जुन्या न्यायव्यवहारात दावा लावणारा. अर्थी आणि प्रत्यर्थी म्हणजे वादी आणि प्रतिवादी. त्यामुळे शब्द मुळात वाईट नाही, आपण त्यातला दावा विसरलो आणि याचना तेवढी ठेवली.

प्रतिसाद २
काका, दावा लावणारा हे माहीतच नव्हतं, भारी! मी रोजगार हमीचं सांगतो कारण आमच्या घरात "दुष्काळी काम" आणि "हमी" असे दोन्ही शब्द होते. बहात्तरच्या दुष्काळात आमची आज्जी खडी फोडायला जायची, त्याला ती कायम "दुष्काळी काम" म्हणायची, सुकडी मिळायची, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला वगैरे. नंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या योजनेचा १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि बायका म्हणायला लागल्या "हमीवर चाललो". दुष्काळी काम सरकारने काढलं तर निघायचं, हमी म्हणजे मागितलं की द्यायलाच लागतं, नाहीतर बेकारी भत्ता द्या. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही तेच आलं, १५ दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता. काम तेच, नाला बंडिंग, पाझर तलाव, तेच हजेरीचं मस्टर, पण बोलायची भाषा बदलली. आणि पैसा कुठून आला? १९७५ चा व्यवसाय कर मुळात याच हमीसाठी लावला, माझ्या पगारातून अजून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात तो हाच. हमीवर जाणाऱ्याला लाभार्थी म्हटलेलं मी घरात कधी ऐकलं नाही, मजूरच म्हणायचे.

प्रतिसाद ३
भावना कळते पण हक्कदार मला खटकतो, वारसाहक्काच्या भांडणातला वाटतो, सातबाऱ्यावरचा. शिवाय प्रत्येक योजना म्हणजे हक्क नसतो ना. काही योजना नुसत्या जीआरवर (शासन निर्णयावर) चालतात, उद्या दुसरा जीआर काढला की बंद, तिथे हक्कदार म्हणणं म्हणजे माणसाला खोटी आशा लावणं. तिथे लाभार्थीच बरोबर. रेशनपुरतं म्हणाल तर सरळ कार्डधारक म्हणा, त्यात ना उपकार ना भांडण.

प्रतिसाद ४
दादा, जीआर आणि कायदा हा फरक तुम्ही अगदी बरोबर पकडलात, पण मग तोच धरून बोलूया. रेशनला २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि धान्य दिलं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यायची तरतूद कायद्यातच आहे. नाही दिलं तर भरपाई द्यायला लागते त्याला लाभ कसं म्हणायचं, ते देणं आहे! जानेवारी २०२३ पासून धान्याचे पैसे घेत नाहीत म्हणून लोक फुकट म्हणतात, पण फुकट झालं म्हणून हक्क जात नाही. दुसरं असं की जुन्या करपद्धतीने इन्कम टॅक्सचं रिटर्न भरणाऱ्याला घरकर्जाच्या व्याजावर २ लाखांपर्यंत सूट मिळते, मीही घेतलीय, मला कुणी लाभार्थी म्हटलं नाही, मी करदाता! माझी ती सवलत आणि आजींचा तो लाभ, हा भेद शब्दानेच केलाय आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे. काल आजीला सांगितलं, तुझं धान्य कायद्याने तुझं आहे, नाही दिलं तर सरकारला पैसे द्यायला लागतात. ती गहू निवडत होती. म्हणाली, "मग त्या मशीनला सांग की, माझंच हाय म्हणून." नंतर शेजारच्या काकू आल्या, "रेशन उचललं का?" तर आजी म्हणाली, "हो, माझं उचललं, तुमचं ऱ्हायलंय." एवढ्या चर्चेनंतर मला वाटतं तिच्या बोलण्यात शब्द होताच. आता एकच विचारायचंय, अंगठा लागत नसेल तर दुसरी सोय काय आहे आणि तिला काय म्हणतात, कुणी करून घेतली असेल तर सांगा. पुढच्या महिन्यात परत जायचंय.