माइनक्राफ्टची गोधडी: खरंच चार हजार चौकोन कापावे लागतील का?

नवशिकी

नमस्कार. मुलाला दीड महिन्याने आठ वर्षं पूर्ण होतील. त्या दिवसापासून तो स्वतःच्या खोलीत एकटा झोपणार आहे आणि त्यासाठी त्याने एकच गोष्ट मागितली आहे, माइनक्राफ्ट या संगणक-खेळातल्या क्रीपर नावाच्या हिरव्या राक्षसाच्या तोंडाची गोधडी. छापील चालणार नाही, "तू शिवलेली पाहिजे". मी आजवर अभ्रे, पडदे आणि दोन झबली शिवली आहेत. गोधडी पहिलीच.

क्रीपरच्या चित्रावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या तर ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ चौकोन निघाले. दोन संध्याकाळी बसून एकेक इंचाचे १२० कापले आणि अंगठा सुजला. हे असंच करायचं असतं का? कापड कुठलं घेऊ?

आणखी एक मनात आहे. दिवा मालवल्यावर ते तोंड अंगावर बघून तो घाबरणार तर नाही ना?

धावदोरा

ताई, आधी कात्री खाली ठेवा. तुम्हाला मिळालेलं चित्र आठपट मोठं केलेलं आहे. खेळात क्रीपरचं तोंड ८ गुणिले ८ चौकोनांचंच असतं. नीट बघितलंत तर तुमच्या कागदावर आठ बाय आठ चौकोनांचे गठ्ठे एकाच रंगाचे दिसतील. तो अख्खा गठ्ठा म्हणजे गोधडीतला एक चौकोन. एकूण ६४. डोळे दोन बाय दोनचे, त्याखाली तोंड. माझ्या आराखड्यात काळे २० आणि हिरवे ४४ आले होते.

भाच्यासाठी मी हीच गोधडी शिवली आहे, म्हणून मापं देते. शिवून ५ इंच राहील असा चौकोन हवा तर साडेपाच इंच कापा, चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जाणारी कड. आठ चौकोनांचे ४० इंच होतात. दोन्ही कडांना ४ इंचाच्या आणि वर-खाली १० इंचाच्या हिरव्या पट्ट्या लावल्या की ४८ बाय ६०, आठ वर्षांच्या मुलाला पुरून उरेल. हिरव्याच्या चार छटा घ्या, प्रत्येकीतून ११ चौकोन. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडातून एका पट्टीत सात चौकोन बसतात, म्हणजे प्रत्येक छटेचं ३० सेंटिमीटर पुरतं, काळं अर्धा मीटर. कडेच्या पट्ट्यांचं वेगळं घ्या. कापड सुती, मलमलीपेक्षा घट्ट आणि ताण न देणारं.

आता मायेबद्दल, कारण माझी पहिली गोधडी इथेच बिघडली. यंत्राच्या दाबपायाची (सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पट्टीची) कड म्हणजे पाव इंच असं मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात दोन सुतांऐवजी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अडीच सूत माया जात होती. अर्धं सूत कुणाच्या डोळ्याला दिसतं? पण चौकोनाच्या दोन्ही बाजूंनी मिळून एक सूत गेलं, आठ चौकोनांत पूर्ण एक इंच. त्यातही मी काही ओळी सावकाश शिवल्या होत्या आणि काही घाईत, त्यामुळे प्रत्येक ओळीची लांबी वेगळी. डावा डोळा तोंडावर घसरल्यासारखा दिसायला लागला. मी ती पूर्ण उसवली. म्हणून सुरुवातीला दीड इंच रुंदीच्या तीन चिंध्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री फिरवा आणि मधली मोजा. ती बरोबर एक इंच भरली तरच खऱ्या कापडाला हात लावा. नाही भरली तर यंत्रावर पट्टी चिकटवून खूण करा आणि पुन्हा बघा.

ओळी शिवून झाल्या की पहिल्या ओळीची माया डावीकडे वळवून इस्त्री करा, दुसरीची उजवीकडे, तिसरीची परत डावीकडे. दोन ओळी जोडताना शिलाया एकमेकींना अडतात आणि चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात. बोटांना ते जाणवतं, बघायचीही गरज पडत नाही.

छटा निवडताना सगळी कापडं जमिनीवर मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. मला दोन हिरवे अगदी वेगळे वाटत होते, फोटोत एकच दिसले. चार पायऱ्या उमटल्या पाहिजेत, नाहीतर तोंड सपाट दिसतं. कापण्याआधी सगळं धुऊन घ्या. काळ्याचा रंग जातो का, हे ओलं पांढरं फडकं त्यावर ठेवून इस्त्री फिरवली की कळतं.

मधे सुती बॅटिंग, म्हणजे भरावाचा थर घाला. ते आणि गोधडीच्या पाठीचं कापड चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठं ठेवा. मधून बाहेरच्या दिशेने कच्चे टाके घाला, उलट गेलात तर मध्यभागी फुगा येतो. वरचे टाके मी हाताने, जाड दोऱ्याने घातले. डोळ्यांच्या भोवती धावदोऱ्याच्या तीन फेऱ्या आहेत. झोप येईपर्यंत भाचा त्यांवर बोट फिरवत बसतो.

आता घाबरण्याबद्दल. तोही पहिल्या रात्री घाबरला होता. मग त्यानेच मला सांगितलं की क्रीपर मांजराला भितो. खरंच तसं आहे, खेळात मांजर जवळ असेल तर क्रीपर लांब पळतो. दुसऱ्या दिवशी मी गोधडीच्या पाठीवर मांजर जोडलं, पण शिवून झालेल्या गोधडीवर जोडल्यामुळे तिथे जाड झालं. तुम्ही आधीच घाला. मांजर कसं हवं ते मात्र मुलालाच काढू द्या. आलेख-कागदाचे १२ बाय १२ चौकोन आखून द्या आणि रंग त्याच्या हातात द्या. त्याने भरलेला चौकोन न चौकोन तसाच उतरवा, वाकडा वाटला तरी सुधारू नका.

काजंबटण

मांजरासाठी एक सोपी रीत. छोटे चौकोन सुटे शिवत बसू नका. इस्त्रीने चिकटणारं पातळ पेस्टिंग गोंदाची बाजू वर करून पसरा, त्यावर दोन-दोन इंचाचे १४४ चौकोन कडेला कड लावून मांडा आणि इस्त्री फिरवा. मग एकेका ओळीवर घडी घालून पाव इंचावर टीप मारा. सगळ्या आडव्या टिपा झाल्या की कोपऱ्याकोपऱ्यावर पेस्टिंगला छोटा छेद द्या, म्हणजे माया आलटून पालटून वळवता येते, आणि मग उभ्या टिपा मारा. शिवून १८ इंचाचं मांजर तयार होईल.

मी असाच १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधला छोटा मारिओ केला होता. तो १२ बाय १६ चा, म्हणजे पार्श्वभूमीसकट १९२ चौकोन, आणि अंगावर तीनच रंग. एका शनिवारी जोडून झाला. मोठ्या चौकोनांना मात्र पेस्टिंग लावू नका, गोधडी कडक होते.

नवशिकी

दोघींचे मनापासून आभार. आठ-आठचे गठ्ठे मोजले आणि खरंच ६४ निघाले, डोळ्यांत पाणी आलं. चिंध्यांची परीक्षा तिसऱ्या वेळी जमली.

काल मुलापुढे कागद ठेवला. तासभर मान वर केली नाही. मांजर करड्या रंगाचं आहे, एक कान हिरवा, कारण "ते क्रीपरशी भांडून आलंय". आणि सांगितलं की क्रीपर बाहेर दाराकडे बघणार, मांजर आतल्या बाजूला, त्याच्या छातीपाशी.

धावदोरा

हिरवा कान हिरवाच ठेवा.

छातीपाशी हवं तर पाठीच्या वरच्या कडेपासून मांजरापर्यंत दहा-बारा इंच जागा सोडा. पाठ उलटी पसरली की वर-खाली कुठलं ते हमखास चुकतं. थर लावण्याआधी वरच्या आणि पाठीच्या, दोन्ही कापडांच्या वरच्या कडेला लाल दोऱ्याचा एकेक टाका घालून ठेवा आणि दोन्ही लाल टाके एकाच बाजूला आलेत हे बघूनच कच्चे टाके सुरू करा.