कृष्णविवरांची ‘जोडी’, ‘जुळी’ की ‘द्वैती’?

प्रश्न: एक विज्ञानलेख तपासतेय. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की दोघींच्या केंद्रांतली महाकाय कृष्णविवरं नव्या दीर्घिकेत येतात. लेखकाने त्यांना कुठे ‘जोडी’, कुठे ‘जुळी’, कुठे ‘द्वैती’ म्हटलंय. सगळीकडे एकच शब्द करू का?

– एक नको ताई, दोन ठेवा. इंग्रजीतही ड्युअल आणि बायनरी वेगळे आहेत. एनजीसी ६२४० या दीर्घिकेत चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीला २००२ मध्ये दोन तेजस्वी केंद्रं दिसली. अंतर साधारण ३,००० प्रकाशवर्षं. एका वाड्यात आहेत, पण चूल वेगळी. त्यांना ‘जोडी’ म्हणा. ०४०२+३७९ या दीर्घिकेत मात्र रेडिओ दुर्बिणींना दोन केंद्रं फक्त २४ प्रकाशवर्षांवर सापडली. एकमेकांभोवतीच्या एका प्रदक्षिणेला सुमारे ३०,००० वर्षं लागत असावीत. ती ‘द्वैती’. द्वैती तारे मराठीत रुळलेतच की!

– ‘जुळी’ आधी काढा. जुळी म्हणजे एका वेळी जन्मलेली. ही दोन वेगळ्या घरची. आणि ओजे २८७ या दीर्घिकेत तर एक १८ अब्ज सूर्यांएवढं, दुसरं १५ कोटी सूर्यांएवढं मानतात. जुळी कसली डोंबलाची!

– पण ओजे २८७ मध्ये दोन वेगळी केंद्रं निर्विवादपणे दिसलेली नाहीत. साधारण दर १२ वर्षांनी ओजे २८७ उजळतं. लहान कृष्णविवर मोठ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीला भेदून जातं म्हणून, असं गणित सांगतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) संशोधकांच्या गणितानुसार ३१ जुलै २०१९ ला येणारी चमक स्पिट्झर दुर्बिणीने टिपली, तीही चार तासांच्या आतबाहेर. तरी वरचे वस्तुमानाचे आकडे सगळ्यांना मान्य नाहीत. तिथे ‘आढळली’ नको, ‘असावीत’ लिहा.

प्रश्नकर्ती: मथळा ‘द्वैती कृष्णविवरांचा शोध’ आहे.

– शोध घेतला की लागला? मराठीत ‘शोध’ दोन्हीकडे चालतो, म्हणून मथळ्यात घोळ. लेख कशावर आहे?

प्रश्नकर्ती: २०२३ च्या पल्सार (नियमित ठोक्यांनी रेडिओ लहरी पाठवणारे तारे) निरीक्षणांवर. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही त्यात वाटा आहे.

– मग ‘चाहूल’ घ्या. पल्सारचे ठोके किंचित मागेपुढे होताना दिसले, त्यावरून अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींची (अवकाशाच्या ताणण्या-आकसण्याची) गुणगुण असल्याचे पुरावे मिळाले. ती बहुधा अशा असंख्य द्वैतींची आहे; एकही द्वैती त्यातून वेगळी ओळखता आलेली नाही. माणूस दिसायच्या आधी लागते ती चाहूल.

– आणि लेखात ‘गुरुत्वाकर्षणाच्या लाटा’ असेल तर ‘गुरुत्वीय लहरी’ करा.