मेझर ए: हो की नाही? आज संध्याकाळच्या आत सांगा

परसातली_जाई:
मतपत्रिका तीन आठवडे फ्रिजच्या दारावर लटकतेय, आज टाकायचीच आहे. त्यावरच्या मेझर ए चं, म्हणजे काउंटीने (जिल्ह्याने) मतदानाला टाकलेल्या प्रस्तावाचं, काय करू? सेल्स टॅक्स वाढणार एवढं कळलं, पण 'पाच अष्टमांश सेंट' म्हणजे नक्की किती? आम्हाला चाळीस हजारांची गाडी घ्यायची आहे. आधीच घेऊन टाकू का? की बाजूच्या काउंटीतल्या डीलरकडे जाऊ? कृपया राजकारण नको.

कातरलेली_सुपारी:
कुठली काउंटी? कॅलिफोर्नियात मेझर ए गल्लोगल्ली असतात.

परसातली_जाई:
सनीव्हेल. सँटा क्लारा काउंटी. हे काय वेगळं सांगायचं?

उंबरठा:
शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबासष्ट सेंट जास्त. सनीव्हेलचा दर ९.१२५ टक्क्यांवरून ९.७५ होईल, सॅन होजेचा ९.३७५ वरून थेट १०. तुमच्या गाडीवर २५० डॉलर. मंजूर झालं तरी १ एप्रिल २०२६ पासून लागू, पुढे पाच वर्षं. डीलर बदलून काही होत नाही, गाडीचा टॅक्स नोंदणीच्या पत्त्याप्रमाणे लागतो.

कातरलेली_सुपारी:
बिनधास्त 'नाही' करा. आधीच किराणा परवडत नाही.

रातपाळी:
किराण्यावर सेल्स टॅक्स नसतोच हो! फ्रोजन बटाटेवडे घरी नेलेत तर शून्य, गरम वडापाव घेतलात तर लागतो. मी 'हो' केलंय. जुलैत वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, मेडिकेडला (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला) कात्री लावली, काउंटीची चार इस्पितळं चालवायची कशी? यातून वर्षाला अंदाजे ३३ कोटी डॉलर येतील.

कातरलेली_सुपारी:
इस्पितळांनाच जातील हे कुठे लिहिलंय? हा जनरल टॅक्स आहे, पैसा काउंटीच्या सामायिक तिजोरीत. फक्त इस्पितळांसाठी म्हणून बांधून ठेवला असता तर दोन तृतीयांश मतं लागली असती. असा मोकळा ठेवला की साधं बहुमत पुरतं. हुशार आहेत.

रातपाळी:
दोन तृतीयांशाची वाट बघत बसलात तर आणीबाणीचा विभाग कोण चालवणार, तुम्ही?

मुलुंडकर_काका:
आमच्या मुंबईत २०१७ पर्यंत जकात होती. नाक्यावर ट्रकांची ही रांग, क्लीनर खाली उतरून पत्ते कुटतायत. आम्हाला कुणी मत विचारलं होतं? तुम्हाला विचारतायत तर नखरे!

उंबरठा:
काका, जकातीचा वेगळा धागा काढा. जाईताई, पाकिटावर सही विसरू नका, नाहीतर मत अडकतं. टपालाचा शिक्का ४ नोव्हेंबर २०२५ चा किंवा आधीचा हवा. त्यापेक्षा ड्रॉपबॉक्समध्ये टाका, लायब्रऱ्यांबाहेर असतात.

गोडा_मसाला:
गाडी कुठली घेताय? इलेक्ट्रिक असेल तर चार्जरचं आधी बघा. आम्ही नाही बघितलं, दोन महिने खिडकीतून वायर काढत होतो.

कातरलेली_सुपारी:
आणि त्याच मतपत्रिकेवरच्या प्रपोझिशन ५० वर...

रातपाळी:
राजकारण नको म्हणाल्यात त्या.

परसातली_जाई:
हायब्रिड आहे. लेकासाठी घेतोय, तो डेव्हिसला शिकतो. नोंदणी तिथल्याच पत्त्यावर, त्याच्याच नावावर.

उंबरठा:
अहो, हे आत्ता सांगताय? मग तुमच्या गाडीला मेझर ए लागूच होत नाही! डेव्हिस योलो काउंटीत येतं, तिथला दर बघा.

परसातली_जाई:
बरं. मग हो करू की नाही? पाचला बाहेर पडायचंय.